वृद्धाश्रम बघायला जाताय? आधी कारंजं बघा

आईवडिलांसाठी चांगला वृद्धाश्रम शोधताय ना? मग सुरुवात रिसेप्शनपासून करा. सोफा मऊ आहे का, कारंजं चालू आहे का, भिंतीवर सुरकुतलेला हात हातात घेतलेला तो फोटो आहे का, हे नीट बघून घ्या. शेवटी तिथे बसायचंय कुणाला? तुम्हालाच. ज्यांना ठेवायचंय ते आत असतात, त्यांना कारंजं दिसत नाही.

जायच्या आधी फोन अवश्य करा. सकाळी अकराची वेळ उत्तम. तोवर आंघोळी उरकलेल्या असतात, चादरी बदललेल्या असतात, केस विंचरलेले असतात. रात्री, रविवारी संध्याकाळी किंवा जेवणाच्या वेळी चुकूनही जाऊ नका. ताट पलंगाशेजारी ठेवलं, भरवायला कुणी आलं नाही, थोड्या वेळाने ताट तसंच उचललं आणि वहीत लिहिलं, ‘भूक नव्हती’, असलं काहीतरी बघावं लागेल. उगाच मन खराब होतं.

रात्रपाळीला किती जणांमागे किती माणसं असतात, हे विचारू नका. वाईट दिसतं.

‘पहिला महिना भेटायला येऊ नका, त्यांना सवय होऊ द्या,’ असं सांगितलं तर लगेच हो म्हणा. शास्त्रीय असणार.

आता डागांबद्दल. अंगावर काळंनिळं दिसलं तर ‘पडल्या’ हे उत्तर मिळेल, ते मुकाट्याने घ्या. परवा मला मिळालं. माझ्या मावशीच्या दोन्ही दंडांवर, आतल्या बाजूने, बोटं उमटावीत तसे डाग. काही जांभळे, काही पिवळट. मेट्रन म्हणाल्या, ‘आज सकाळीच बाथरूममध्ये पडल्या हो.’ बरं. माणूस पडतो तेव्हा गुडघा फुटतो, कोपर लागतं, कपाळाला टेंगूळ येतं. दोन्ही दंडांची आतली बाजू एकदम फरशीला लावायची तर कसरतपटूच हवा. डागाच्या रंगावरून तारीख काढता येत नाही हे मलाही माहीत आहे, पण सकाळच्या डागावर दुपारपर्यंत पिवळी छटा येत नाही एवढं नक्की. मी पडल्याची नोंद मागितली. नोंद नव्हती. मग म्हणे वयोमानाने कातडी नाजूक होते. होते ना! रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नुसत्या धक्क्यानेही डाग पडतो. पण तशी गोळी मावशीला कधीच नव्हती, आणि मनगटाभोवती जी गोल खूण होती ती कुठल्या नाजूकपणाची? शेवटी मेट्रनने आयासमोरच विचारलं, ‘आजी, पडलात ना तुम्ही?’ मावशीने आधी आयाकडे बघितलं. मग मान हलवली. ‘बघा, त्याच म्हणतायत.’ वर मलाच प्रश्न, ‘तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?’

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार अशा संस्थांतल्या दर 3 कर्मचाऱ्यांपैकी 2 जणांनी वर्षभरात आपल्या हातून वृद्धांशी गैरवर्तन झाल्याचं सांगितलंय. स्वतःच सांगितलंय! पण तुमच्या निवडलेल्या ठिकाणी उरलेला तिसराच भेटेल, काळजी नसावी.

आई हल्ली फार ‘शांत’ झाली असेल तर आनंद माना. गोळ्यांचा तक्ता मागू नका. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना मनोविकारावरची काही औषधं दिली की मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्येच दिला होता. पण डोळे मिटून पडलेला माणूस बेल वाजवत नाही, ही केवढी सोय!

चादर उचलून बघू नका. टाचा, खुबे, माकडहाड ही काय बघायची ठिकाणं आहेत? लाल डाग बोटाने दाबून पांढरा होत नसेल तर ती शय्याव्रणाची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात. सावळ्या अंगावर लाली दिसतही नाही, तिथे हाताला गरम किंवा टणक लागतं. पण हात कशाला लावायचा, दर दोन तासांनी कूस बदलल्याचा तक्ता भिंतीवर आहे की. मी बघितला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि संध्याकाळी सहाचीही सही झालेली होती.

कोऱ्या कागदावर आईची सही घेतली असेल तर ‘फॉर्म असेल’ म्हणा.

आणि रोज ग्रुपवर येणाऱ्या फोटोला बदाम पाठवायला विसरू नका. फोटोत मनगटं दिसत नाहीत.

पुरे झालं. अहो, जरा न कळवता जा. रात्री जा. आयाला बाहेर पाठवून दार लावा आणि एकटीशी बोला. बाह्या वर करा, मोजे काढा, वजनाची नोंद मागा, ओठ कोरडे आहेत का बघा. ‘तिला कुठे काय कळतंय’ हे वाक्य तर बंदच करा. नाव आठवत नसेल, पण कुणी आत आलं की ती अंग चोरून घेते, ते बघायला तुम्ही पाच मिनिटांहून जास्त थांबता का? एका बाईवर बारा तास अख्खा मजला सोपवून मालक कारंजं बांधतो, कारण तुम्ही कारंजं बघून पैसे भरता. डाग दिसला की तारखेसकट फोटो काढा, बाहेरच्या डॉक्टरांना दाखवा, लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. ‘तक्रार केली तर नंतर तिलाच त्रास देतील’ असं वाटत असेल, तर तुम्हाला सगळं आधीच कळलेलं आहे. आजच्या आज तिला तिथून हलवा.