दार वाजवलं होतं: एका प्रतिक्रियेला उत्तर

मुलांचा छळ होतोय, हेळसांड होतेय अशी शंका आली तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पुराव्याची वाट न बघता ती योग्य ठिकाणी कळवावी, असं मी गेल्या लेखात लिहिलं. त्यावर, चुकीच्या शंकेने घरं मोडतात, तक्रारीआधी मदत पोचवा, असं सांगणारी 'एक वाचक' या नावाने आलेली प्रतिक्रिया बऱ्याच जणांनी वाचली असेल. उत्तर तिथेच लिहायला बसले होते, पण ते लांबत गेलं, म्हणून इथे.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. १८७४ साली न्यूयॉर्कमधल्या मेरी एलन या घरात छळ होणाऱ्या मुलीची सुटका प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्याखाली झाली, असं मी लिहिलं होतं. ते चूक. प्राण्यांसाठी झटणारे हेन्री बर्ग तिच्या मदतीला धावले, पण व्यक्तिशः. आणि मुलीला कोर्टापुढे आणलं ते हेबिअस कॉर्पसच्या, म्हणजे कुणाला बेकायदा ताब्यात ठेवलं असेल तर त्याला कोर्टापुढे हजर करायला लावणाऱ्या, कायद्याचा आधार घेऊन. दुरुस्ती केली आहे. पण त्याला "निदान गूगल तरी करायचं" हे शेपूट जोडायची गरज होती का? आणि एवढं वाचलंत, तर हेही वाचलं असेलच की शेजारपाजारच्या बायका बोलल्या म्हणून ती गोष्ट एटा व्हीलर या समाजसेविकेपर्यंत पोचली.

आता तुमचं ते वाक्य. "उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या बाई, तुम्ही स्वतः कधी कुणाचं दार वाजवलंत का?"

'बाई' म्हटल्याचा मला राग नाही. प्राथमिक शाळेत २६ वर्षं हीच हाक ऐकली. पण तुमच्या वाक्यातली 'बाई' त्या हाकेतली नाही, एवढं मराठी मलाही कळतं.

वाजवलंय दार. दुसरीच्या वर्गात एक मुलगा होता. पट्टी-पेन्सिल खिशात ठेवायचा, कारण कंपासपेटीत मधल्या सुटीत इतरांच्या डब्यात उरलेलं खाणं भरलेलं असायचं. शाळा सुटली तरी घरी जायचा नाही. फळा पुसून द्यायचा, मग पुसलेलाच फळा परत पुसायचा. एके दिवशी तो माझ्याकडे पाठ करून पुसत होता तेव्हा डाव्या कानामागे निळा-जांभळा डाग दिसला. गुडघे आणि नडग्या खेळताना फुटतातच, त्यांची मी कधी चौकशी केली नाही. पण कान, मान, पोट या जागी पडून सहसा लागत नाही. आणि जे बाळ अजून रांगतही नाही, त्याच्या अंगावर असा डाग दिसला तर लगेच डॉक्टर गाठायचा. डागांबद्दलचं हे सगळं लेखात होतं. तुम्ही त्याला 'डिटेक्टिवगिरी' म्हणालात.

शनिवारी संध्याकाळी त्याच्या घरी गेले. दार धाकट्या बहिणीने उघडलं. आई दोन पाळ्या करून नुकती आडवी झाली होती. कानाचं विचारलं तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "पडला." घरात आणखी कोण असतं, मुलं दिवसभर कोणाकडे असतात, तिला काही मदत हवी का, हे मी विचारलं नाही. वेळ तशी नव्हती. सोमवारी कळवायचं तिथे कळवलं. चौकशी झाली. पंधरा दिवसांत ते कुटुंब खोली सोडून गेलं. मुलाचा दाखला न्यायलाही कुणी आलं नाही.

आता तुम्ही म्हणणार, बघा, हेच तर मी सांगत होतो. म्हणा. पण गप्प बसले असते तर तो कान वाचला असता का?

गप्प बसणाऱ्यांचाही इतिहास आहे. जॉन कॅफी या अमेरिकन डॉक्टरांनी १९४६ साली ६ बाळांबद्दल लिहिलं: डोक्यात रक्तस्राव, हातापायांची लांब हाडं सगळ्यांची मिळून २३ ठिकाणी मोडलेली, आणि दुखापत कशी झाली याची घरच्यांकडून काहीच माहिती नाही. हे कुणीतरी केलंय असं त्यांनीही उघडपणे लिहिलं नाही. डॉ. हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी ते ठणकावून मांडलं १९६२ साली, आणि मग पाच वर्षांत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत शंका कळवण्याचे कायदे झाले. मधली १६ वर्षं एक्स-रे समोर होते आणि लोक शिष्टाचार पाळत होते. तुम्हाला अभिप्रेत असलेला संयम तो हाच का?

राहिले तुमचे बाकीचे मुद्दे: गरिबीलाच हेळसांड ठरवलं जातं, चुकीच्या शंकेने घरं मोडतात, तक्रारीआधी मदत पोचायला हवी. यावर लेखाच्या शेवटी दोन ओळी आहेत, पुन्हा वाचा. तुम्ही दिलेला अमेरिकेतल्या एल्मायरा गावाचा दाखला मलाही ठाऊक आहे. तिथे आई गरोदर असल्यापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत परिचारिका घरी जायच्या, आणि १५ वर्षांनी पाहिलं तेव्हा त्या घरांमधून छळ-हेळसांडीच्या नोंदी कमी झालेल्या होत्या. छान आहे, सगळीकडे व्हावं. फक्त परिचारिका येईपर्यंत त्या कंपासपेटीचं काय करायचं, तेवढं सांगा.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी खाली नाव लिहा, एवढंच. माझ्या लेखाखाली माझं असतं.