लेकराला काय शिकवलं ते विचारू नये

पालकहो, लेकरू शाळेतून आलं, दप्तर कोपऱ्यात भिरकावलं, की त्याला "जेवलास का?" एवढंच विचारावं. पुढं जाऊ नये. काही हौशी बाप "आज काय शिकिवलं रं?" म्हणून मागं लागतात. लेकरू म्हणतं, "काय नाई." बापाला वाटतं, पोरगं टाळतंय. पोरगं टाळत नसतं, हीच खरी अडचण असते. म्हणून विचारूच नये.

आठवडाभर वर्गात काय चाललंय हे कळायची सोय आता खिशातच आहे. शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडावा. सोमवारी प्रभातफेरी. मंगळवारी हात धुण्याचं प्रात्यक्षिक: एक साबण, तीस-चाळीस हात, आणि नळ फोटोच्या बाहेर, कारण नळाला पाणी नाही. मग कुठल्या तरी शपथेचा फोटो, सगळ्यांचे उजवे हात पुढं. मग झाड लावल्याचा. त्यात एका रोपट्याला सरपंच, ग्रामसेवक, केंद्रप्रमुख आणि दोन माजी उपसरपंच धरून उभे असतात. खड्डा मागच्या वर्षीचाच असतो, रोपटं तेवढं नवीन. आपलं लेकरू फोटोत दिसलं की ते त्या दिवशी शिकलं असं धरावं. मागच्या रांगेत अर्धंच दिसलं तर अर्धं शिकलं. खाली अंगठा टाकावा. अंगठा टाकायची आपल्या घराण्यात रीतच आहे. आजोबा सावकाराच्या कागदावर टाकायचे, आपण ग्रुपवर टाकतो.

गुरुजींना मात्र दोष देऊ नये. शिक्षण हक्क कायद्यानं २००९ साली ठरवून दिलंय की पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवायचं, आणि साठ लेकरांपर्यंत शिक्षक दोन. म्हणजे वाडीवरच्या शाळेत इयत्ता चार, गुरुजी दोन. त्यातले एक तालुक्याला प्रशिक्षणाला गेलेले. दुसरे चारही वर्ग एका खोलीत घेऊन दारात उभे, मोबाइल उंच धरून रेंज शोधताहेत, कारण सरकारी माहितीची ऑनलाइन लिंक भरायचीय. याच कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं बिगरशैक्षणिक काम देता येत नाही. ते कुठंही मोडलं जात नाही, खात्री बाळगा. बाकी जे असतं ते काम नसतंच, ती 'माहिती' असते. माहिती तातडीची असते, विहित नमुन्यात असते आणि आज दुपारी चारच्या आत हवी असते. उद्या तीच पुन्हा, दुसऱ्या नमुन्यात. लेकरांची आधार जुळवणी, युडायस म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन नोंद, पोषण आहाराची रोजची नोंद, मतदार यादी, फोटो, फोटोंचा अहवाल. दोन लिंकांच्या मधल्या वेळात एखादे गुरुजी पाढे घेऊन जातात. त्याचा फोटो कुणी मागत नाही, म्हणून त्याचा पत्ता आपल्याला लागत नाही.

विज्ञान आणि गणिताची काळजी सोडा, ते खिचडीच्या चुलीपाशी होतंय. पहिली ते पाचवीच्या लेकराला रोज १०० ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत हे सरकारनं ग्रॅमपर्यंत मोजून ठेवलंय. वर्गात लेकरानं आठवड्याला किती शब्द गिळले याचं असं माप नाही, आणि ते फार सोयीचं आहे. २०२३च्या नोव्हेंबरपासून आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं. २०२५च्या जानेवारीत शासनानं सांगितलं की आता अंड्याला पैसे नाहीत, लोकवर्गणीतून बघा. लेकरांना शून्य ही संकल्पना इतकी गोल आणि पांढरी करून याआधी कुणी समजावली नव्हती.

एवढ्यावर समाधान नसेल तर तालुक्याच्या गावी इंग्लिश स्कूल आहे. सकाळी पिवळी व्हॅन येते, टाय लावलेलं लेकरू खिडकीला चिकटून जातं. तिथं मात्र आठवड्याचा हिशोब चोख. डायरीत छापील कागद चिकटवलेला असतो: या आठवड्यात वर्गात काय काय शिकवणार. संपूर्ण इंग्रजीत. तो आपल्याला वाचता येत नाही, ही त्या कागदाची खरी किंमत आहे, आणि ती फीमध्येच धरलेली असते. कागद घडी न मोडता जपून ठेवावा. लग्नसराईत पाहुणे जमले की लेकराला उभं करावं: "मामाला एक पोएम म्हणून दाखव." लेकरू हातवारे करत एका दमात म्हणतं, मामा दहाची नोट देतो. पोएममधल्या पावसाला लेकरू का हाकलतंय हे मामाही विचारत नाही. मराठवाड्यात पावसाला जा म्हणणारं तेवढं एकच काव्य असावं, आणि ते आपण फी भरून पाठ करून घेतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा इशारा. घरी एक चाचणी करता येते. तिला एक मिनिट लागतं आणि पैसे लागत नाहीत. केंद्र सरकारनं २०२१ साली निपुण भारत नावाचं अभियान सुरू केलं. २०२६-२७पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक लेकराला अर्थ समजून मिनिटाला किमान ६० शब्द वाचता यावेत आणि ९९९९पर्यंतच्या संख्या कळाव्यात, असं त्यात लिहिलंय. म्हणजे तिसरीचं पुस्तक घ्यायचं, न शिकवलेलं पान उघडायचं, मोबाइलमध्ये मिनिट लावायचं आणि "वाच" म्हणायचं. झाली चाचणी. तर ही अजिबात करू नये. एक तर मोबाइल लेकराच्याच हातात असतो, तो काढून घेताना घरात रडारड होते. दुसरं म्हणजे लेकरू आठव्या शब्दाला अडलं तर काय करणार? शाळेत जावं लागणार. तिथं गुरुजी हजेरीचा कॅटलॉग काढून दाखवणार: "बाजारच्या दिवशी तुम्ही ठेवता घरी. सोयाबीनच्या काढणीला आठ दिवस, कापूस वेचायला पंधरा, मावशीच्या लग्नाला चार. मी कुणाला शिकवू, भिंतीला?" एवढं ऐकून घ्यायची आपली तयारी नसते. गुरुजींचीही आपलं ऐकायची नसते. ती एका मिनिटाची चाचणी न केल्यामुळं दोन्ही बाजूंचा मान राहतो आणि गावात सलोखा नांदतो.

बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारकडच्या वाचकांना हा सल्ला जरा अपुरा पडेल. दिवाळी झाली की तिथल्या कित्येक वर्गांचा निम्मा पट ट्रॅक्टरमध्ये बसून ऊसतोडीला कारखान्यांच्या फडावर निघून जातो. लेकरं मागं राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. पण घरी आजी नसेल आणि कडेवरच्या धाकट्याला सांभाळायला कुणी हवं असेल, तर दुसरीतली ताई कोपीवरच, म्हणजे फडावरच्या झोपडीतच, लागते. तिचा आठवडा भरगच्च असतो. उसाचं वाढं गोळा करणं, पाणी आणणं, रात्री-अपरात्री गाडी भरायला माय उठली की धाकट्याला थोपटणं. गणितात ती वर्गाच्या पुढं असते. आगाऊ उचल किती घेतली, किती टन झाले, मुकादमाकडं किती फिरले आणि उरलेले पुढच्या हंगामावर कसे चढले, हे तिनं रोज ऐकलेलं असतं. हातच्याची बेरीज तिला पाटीशिवाय समजते. पाडव्याच्या आसपास ती परत येते, तेव्हा वर्षाचं पुस्तक संपत आलेलं असतं. नापास ती होत नाही. पट मोजायला तिचं नाव असतंच.

याउलट मोठ्या माणसांचं शिक्षण जोरात सुरू आहे. २०१९ साली दुसरीच्या गणितात 'सत्तावीस'ऐवजी 'वीस सात' आलं, तर ज्यांनी लेकराची वही कधी उघडली नव्हती तेही पारावर बसून अंकांवर बोलू लागले. २०२३ साली पुस्तकात धड्यांमागं कोरी पानं घातली, दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून. पुढं ती काढली. कोऱ्या पानांवर एवढी चर्चा झाली की छापील पानांना नंबरच लागला नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची झाली, जूनमध्ये जरा सौम्य झाली आणि जून संपायच्या आत दोन्ही निर्णय रद्द झाले. तेवढ्यात अख्ख्या महाराष्ट्राला त्रिभाषा सूत्र पाठ झालं. पहिलीतल्या लेकरांना शाळेत येऊन तेव्हा दोन आठवडे झाले होते. ती अजून 'ब' आणि 'व' यांत अडकलेली होती. तिसऱ्या भाषेवरून पेटलेल्या त्या वादात त्यांच्या पहिल्या भाषेची चौकशी करायला सवड कुणाला होती? (इतिहासात मात्र आपली लेकरं पक्की. बाकी महाराष्ट्रात वर्षाला झेंडे तीन, आपल्याकडं मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा, १७ सप्टेंबरचा, धरून चार. १९४८ साली नक्की काय झालं ते सांगता येत नसेल, पण त्या दिवशी खाऊ काय वाटला ते विचारा.)

शेवटी शाळा व्यवस्थापन समिती. कायद्यानं तिच्यात पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. वर्गात काय शिकवलं जातंय हे विचारायचा हक्क या समितीला आहे, म्हणून तिच्याशी जपून वागावं. महिला सदस्यांच्या सह्या त्यांचे मालक करतात, तो प्रश्न मिटलेला आहे. उरलेल्यांतला एखादा नवखा, पुण्याहून कंपनी सोडून गावी परतलेला, भर बैठकीत म्हणू शकतो, "तिसरीच्या किती पोरांना वाचता येतंय, बघायचं का?" अशा वेळी घाबरून न जाता संरक्षक भिंतीचा विषय काढावा. भिंत कुठून घ्यायची, शेजारच्याचं अतिक्रमण किती फूट, मागच्या भिंतीचा निधी कुठं गेला, ठेकेदार कुणाचा मेव्हणा, यावर दोन तास सहज जातात आणि सगळ्यांना बोलता येतं. नवखासुद्धा थोड्या वेळात त्यात रमतो, त्याचंही शेत शाळेला लागूनच असतं. चहा आला की बैठक संपली समजावं. प्रोसिडिंगमध्ये 'शैक्षणिक प्रगतीचा आढावा घेण्यात आला' ही ओळ आधीच लिहिलेली असते. तिच्याखाली सही करावी, आणि मागच्या दोन महिन्यांच्या बैठकांच्या राहिल्या असतील तर त्याही त्याच पेनानं उरकून घ्याव्यात.