चक बेरीचं नाव घ्यायलाच हवं होतं
लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सर्वांत वर गेलेलं गाणं हीच गायकाची खरी ओळख, हे लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. अमेरिकन रॉक अँड रोल गायक-गिटारवादक चक बेरीचंच बघा. अमेरिकेत बिलबोर्ड या संगीतविषयक मासिकाच्या पॉप गाण्यांच्या यादीत त्याचं एकच गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं, 'माय डिंग-अ-लिंग', १९७२ साली. तेही त्याचं स्वतःचं नव्हे. न्यू ऑर्लिन्सच्या डेव्ह बार्थोलोम्यूने ते वीस वर्षं आधी गायलं होतं. बेरीने ते इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या कार्यक्रमात श्रोत्यांकडून म्हणवून घेतलं आणि ते ध्वनिमुद्रण गाजलं. द्वयर्थी, चावट गाणं. आज ते आवडीने कोण ऐकतं?

आणि 'जॉनी बी. गुड'? १९५८ मध्ये पॉपच्या यादीत आठव्या क्रमांकावर थांबलं. पण सुरुवातीचा तो गिटारचा तुकडा पुढच्या कित्येक पिढ्यांच्या वादकांनी गिरवला. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, तिच्यात बाख, बीथोवन आणि आपल्या केसरबाई केरकरांबरोबर हे गाणं आहे! मला तर याचं फार अप्रूप वाटतं.

क्रमांक ठरायचा तो त्या त्या आठवड्यातल्या विक्रीवर आणि रेडिओवर. लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचं 'स्टेअरवे टू हेवन' १९७१ मध्ये आलं तेव्हा अमेरिकेत विक्रीसाठी सुटी तबकडी म्हणून काढलंच नव्हतं, मग त्या यादीत येणार कुठून? लेखकाने पुढच्या भागात अशा गाण्यांवरही जरूर लिहावं.