‘विंडोज मागे चालणारे प्रोग्रॅम मारून टाकते’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या आठवड्यात माझ्या भाच्याने मला एक संदेश पाठवला आणि खाली विचारले, ‘मामा, यातले पहिले तीन उपाय करून झाले, तरी प्रोग्रॅम थांबतोच. आता चौथा करू का?’ चौथा उपाय होता अख्खा सी ड्राइव्ह विंडोज डिफेंडरच्या (विंडोजसोबत येणाऱ्या अँटीव्हायरसच्या) तपासणीतून वगळण्याचा. ज्या संगणकावर तो हे करणार होता तो गावच्या दूध संकलन केंद्रातला आहे आणि त्यात प्रत्येक सभासदाचा बँक खाते क्रमांक साठवलेला आहे. हाच संदेश त्याआधी मला दोन ठिकाणांहून आला होता आणि दोन्ही वेळा मी तो न वाचता सोडून दिला होता. तेव्हाच उत्तर लिहायला हवे होते, असे आता वाटते.

ज्यांच्यापर्यंत तो पोहोचलेला नाही त्यांच्यासाठी संदेशाचा आशय असा : विंडोज मेमरी वाचवण्यासाठी मागे चालणारे प्रोग्रॅम थोड्या वेळाने आपोआप मारते, म्हणून पुढील सहा उपाय करावेत. एक, गार्बेज कलेक्टर (प्रोग्रॅमला न लागणारी मेमरी परत घेणारा भाग) ठरावीक वेळाने स्वतः चालवून मेमरी रिकामी ठेवावी. दोन, सगळा कोड ट्राय-कॅचमध्ये (चूक झाल्यास ती पकडणाऱ्या रचनेत) घालून कॅच रिकामा ठेवावा, म्हणजे पकडलेल्या चुकीवर काहीच करू नये. तीन, प्रोग्रॅम नेहमी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावा. चार, डिफेंडरचे रिअल-टाइम संरक्षण बंद करून सी ड्राइव्ह वगळावा. पाच, तरीही जमले नाही तर प्रोग्रॅमची सर्व्हिस (विंडोजसोबत पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम) करावी, कारण सर्व्हिसला विंडोज हात लावत नाही. सहा, फोल्डरवर लक्ष ठेवायला वॉचर (फोल्डरमधला बदल कळवणारा भाग) वापरू नये, दर सेकंदाला सगळे फोल्डर वाचावे.

सर्वांत आधी मूळ दाव्याकडे पाहू, कारण पुढचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. साधा डेस्कटॉप प्रोग्रॅम बराच वेळ मागे चालतो आहे एवढ्या कारणाने विंडोज तो बंद करत नाही. अँड्रॉइडमध्ये मेमरी कमी पडली की मागची अ‍ॅप्स बंद केली जातात, आणि संदेश लिहिणाऱ्याने तोच अनुभव इकडे आणलेला दिसतो. विंडोजमध्ये मेमरी खरोखर संपत आली तर नवी मेमरी मागणाऱ्या प्रोग्रॅमला नकार मिळतो. तो नकार नीट हाताळला नाही तर प्रोग्रॅम स्वतःच कोसळतो. यात अर्धसत्य आहे तेवढे मान्य करतो. विंडोज ८ पासून आलेली स्टोअर पद्धतीची अ‍ॅप्स मागे गेली की गोठवली जातात आणि मेमरीची चणचण असेल तर बंदही होतात. टास्क शेड्यूलरमधून (ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या विंडोजच्या साधनातून) सुरू केलेल्या कामाला मूळ मांडणीत ३ दिवसांची मर्यादा असते, आणि ती खूण न काढल्यास चौथ्या दिवशी प्रोग्रॅम खरोखरच थांबवलेला आढळतो. तिथेच विजेवर चालत असतानाच काम सुरू करण्याची अटही आधीपासून घातलेली असते, त्यामुळे बॅटरीवरच्या लॅपटॉपवर काम सुरूच होत नाही. ही दोन्ही कारणे टास्क शेड्यूलरच्या खिडकीत डोळ्यांनी दिसतात आणि सहा उपायांपैकी एकाचाही त्यांच्याशी संबंध नाही.

आता पहिल्या उपायाबद्दल सविस्तर लिहितो, कारण ज्या रोगावर तो सुचवला आहे तोच रोग त्याने बळावतो.

भाच्याचा प्रोग्रॅम लहान आहे. संकलनाच्या वेळी फॅट मशीनचे सॉफ्टवेअर प्रत्येक नमुन्यानंतर एकच मजकूर-फाइल नव्याने लिहिते. भाच्याचा प्रोग्रॅम घड्याळाशेजारी एक चिन्ह म्हणून बसतो, दर दोन सेकंदांनी ती फाइल पाहतो आणि सभासदाचा क्रमांक, लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन पदार्थ) नोंदवहीत उतरवतो. त्याच्या लॅपटॉपवर व्हिज्युअल स्टुडिओतून (प्रोग्रॅम लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमधून) चालवला की तो दिवसभर चाले. केंद्रातल्या संगणकावर मात्र सकाळचे संकलन सुरू झाल्यावर साधारण वीस मिनिटांनी नोंदी थांबत. ‘विंडोजने मारला’ असे त्याला वाटले, कारण संदेशात तसे लिहिले होते.

मी त्याला फोनवर एकच गोष्ट पाहायला सांगितली : नोंदी थांबल्यावर टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ यादीत प्रोग्रॅमचे नाव आहे की नाही? नाव होते. चिन्हावर उजवी क्लिक केली की मेनूही उघडत होता. म्हणजे प्रोग्रॅम जिवंत होता आणि फक्त त्याचा टायमर, म्हणजे दर दोन सेकंदांनी ठोका देऊन काम सुरू करणारा भाग, थांबला होता. कोसळलेला प्रोग्रॅम आणि जिवंत असूनही काम न करणारा प्रोग्रॅम हे दोन वेगळे आजार आहेत. कोणता आजार आहे हे ठरवायला अर्धा मिनिट लागते. संदेशात या तपासणीचा उल्लेखही नाही.

पुढचे कोडे कोड पाहताच सुटले. प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ या प्रणालीवर लिहिलेला होता. प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या मेन मेथडमध्ये त्याने थ्रेडिंग नेमस्पेसमधला (तयार कोडच्या त्या नावाच्या गटातला) टायमर एका लोकल व्हेरिएबलमध्ये (त्या मेथडपुरत्याच नावात) तयार केला होता आणि पुढच्याच ओळीत अ‍ॅप्लिकेशनचा मेसेज लूप (क्लिकसारख्या घटनांची वाट पाहणारे चक्र) सुरू केला होता. डीबग बिल्डमध्ये (चुका शोधण्यासाठी बनवलेल्या आवृत्तीत) असे व्हेरिएबल मेथड संपेपर्यंत जिवंत धरले जाते, म्हणून लॅपटॉपवर सगळे सुरळीत होते. रिलीज बिल्डमध्ये (प्रत्यक्ष वापरासाठी बनवलेल्या आवृत्तीत) कंपायलर पाहतो की या व्हेरिएबलचा पुढे कुठेच वापर नाही, आणि तिथून पुढे टायमरला कोणी वाली उरत नाही. मग केव्हातरी गार्बेज कलेक्टर फिरतो, टायमर उचलतो आणि ठोके थांबतात. चूक नोंदली जात नाही, खिडकी येत नाही, काहीच कळत नाही. मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजात या टायमरच्या पानावर हे स्वच्छ लिहिले आहे : टायमर वापरायचा असेल तोवर त्याचा संदर्भ (त्याच्याकडे बोट दाखवणारे व्हेरिएबल) धरून ठेवा, संदर्भ उरला नाही तर इतर कोणत्याही ऑब्जेक्टसारखा तोही गोळा केला जातो, आणि टायमर अजून चालू आहे एवढ्या कारणाने तो वाचत नाही. मागे चालणारे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे पान एकदा वाचावे, कारण ‘माझ्याकडे चालतो, तिकडे थांबतो’ या तक्रारीचे हे अगदी नेहमीचे कारण आहे.

आता संदेशातला पहिला उपाय यावर लावून पाहा. भाच्याने संदेशात सांगितल्याप्रमाणे गार्बेज कलेक्टर चालवण्याची ओळ टायमरच्या प्रत्येक ठोक्यात घातली. परिणाम असा झाला की वीस मिनिटे चालणारा टायमर पहिल्याच ठोक्यानंतर बंद पडला. पहिला ठोका पडला, त्यात कलेक्टर चालला, बेवारस टायमर सापडला आणि गेला. भाच्याने मात्र याचा अर्थ असा काढला की केंद्रातल्या संगणकाची मेमरी फारच कमी आहे, आणि तो अध्यक्षांकडे नवी रॅम मागायला निघाला होता. चुकीच्या उपायाने दुसऱ्याच्या खिशाला कशी कात्री लागते ते इथे दिसते. त्या ओळीचा एक उपयोग मी नाइलाजाने मान्य करतो : निदानापुरती ती घालून टायमर लगेच थांबला, तर संदर्भ सुटल्याची खात्री पटते. खात्री पटली की ती ओळ काढून टाकायची.

याच उपायाचा दुसरा भाग म्हणजे ‘मेमरी रिकामी ठेवा’, आणि त्याचा पुरावा म्हणून संदेशासोबत टास्क मॅनेजरचे चित्र फिरते, ज्यात एका एपीआय कॉलनंतर (प्रोग्रॅमने विंडोजला दिलेल्या एका सूचनेनंतर) आकडा झपकन खाली आलेला दिसतो. तो आकडा त्या क्षणी प्रत्यक्ष रॅममध्ये असलेल्या पानांचा (मेमरीच्या तुकड्यांचा) असतो. पाने बाहेर ढकलली की आकडा उतरतो, पण प्रोग्रॅमने मागितलेली मेमरी तेवढीच राहते आणि पुढच्या कामाला तीच पाने परत आणावी लागतात. गळती खरोखर असेल तर याच डिटेल्स यादीत ‘कमिट साइज’ (मागितलेली मेमरी), ‘हँडल्स’ (उघडलेल्या फाइलींसारख्या गोष्टींचे दुवे) आणि ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’ (पडद्यावर चित्र काढायला विंडोजकडून घेतलेल्या वस्तू) हे स्तंभ चालू करून ते तासागणिक वाढतात का ते पाहावे. जीडीआय ऑब्जेक्ट्सची मर्यादा प्रत्येक प्रोसेसला (चालू असलेल्या प्रोग्रॅमला) मूळ मांडणीत १०,००० आहे. दर ठोक्याला चिन्हासाठी नवा आयकॉन तयार करून जुना न सोडणारा प्रोग्रॅम ती मर्यादा काही तासांत गाठतो, आणि त्याला रॅम वाढवून काहीही मदत होत नाही.

दुसरा उपाय, रिकामा कॅच, मला पहिल्याइतकाच अस्वस्थ करतो. डॉटनेट २.० पासून मागच्या थ्रेडवर (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामात) न पकडलेली चूक झाली की प्रोसेस संपते, आणि विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘अ‍ॅप्लिकेशन’ नोंदींत ‘डॉटनेट रनटाइम’च्या नावे १०२६ क्रमांकाची नोंद पडते. त्या नोंदीत चुकीचा प्रकार असतो आणि ती कोणत्या मेथडमध्ये झाली तेही असते. फुकट मिळणारी ही माहिती रिकामा कॅच पुसून टाकतो. भाच्याच्या बाबतीत तर याहून वाईट झाले. फॅट मशीनचे सॉफ्टवेअर फाइल लिहीत असतानाच याचा प्रोग्रॅम ती उघडायला गेला की फाइल वापरात असल्याची चूक येई. रिकामा कॅच ती गिळून टाकी, आणि पुढच्या ठोक्याच्या आत दुसऱ्या सभासदाचा नमुना आला की पहिल्याची नोंद कायमची हुकत असे. ही चूक पकडून अर्ध्या सेकंदाने पुन्हा प्रयत्न करायला आणि तिची लॉगमध्ये एक ओळ लिहायला सहा-सात ओळींचा कोड पुरतो. टायमर्स नेमस्पेसमधला दुसरा टायमर डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये आपल्या ठोक्यातल्या चुका स्वतःच गिळतो, म्हणून तो वापरणाऱ्यांनी तर ठोक्याच्या आत लॉग ठेवलाच पाहिजे.

चौथ्या उपायावर मी भाच्याला लगेच ‘नाही’ म्हणून कळवले. डिफेंडर एखादा प्रोग्रॅम अडवतो तेव्हा तो गुपचूप अडवत नाही. ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त नोंद दिसते, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डिफेंडरच्या स्वतंत्र नोंदींत १११६ आणि १११७ हे क्रमांक येतात, पहिला काही सापडल्याचा, दुसरा त्यावर कारवाई झाल्याचा. केंद्रातल्या संगणकावर यातले काहीच नव्हते. मग संरक्षण काढायचे कशासाठी? संगणकात शिरलेली घातक सॉफ्टवेअर स्वतःला लपवण्यासाठी हेच करतात, सी ड्राइव्ह तपासणीतून वगळतात. हे काम आपणच आपल्या हातांनी करून ठेवायचा सल्ला देणाऱ्याने निदान हे तरी सांगायला हवे होते. कीबोर्डचे हुक लावणारे (दाबलेली प्रत्येक कळ आधी स्वतः पाहणारे) किंवा पडद्याची चित्रे घेणारे प्रोग्रॅम कधीकधी विनाकारण संशयित ठरतात, हे खरे आहे. त्यासाठी प्रोग्रॅमवर डिजिटल सही करणे, फाइल तपासणीसाठी मायक्रोसॉफ्टकडे पाठवणे आणि अगदीच अडले तर तेवढी एक फाइल वगळणे, हे मार्ग आहेत.

हुकचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट नोंदवतो. कीबोर्डच्या लो-लेव्हल हुकने उत्तर द्यायला ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेळ लावला, तर विंडोज ७ पासून तो हुक न सांगता काढला जाऊ शकतो आणि प्रोग्रॅमला ते कळण्याचा मार्ग नसतो. ‘विंडोजने मारले’ या तक्रारीला थोडासा आधार इथे मिळतो. तरीही दोष हुकच्या आत फाइल लिहीत बसणाऱ्या कोडचाच असतो; हुकमध्ये फक्त नोंद घेऊन काम दुसऱ्या थ्रेडकडे सोपवावे.

तिसरा आणि पाचवा उपाय थोडक्यात आटोपतो. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवल्याने टायमर वाचत नाही. उलट नेहमीच्या खात्यात जोडलेले नेटवर्क ड्राइव्ह त्या प्रोग्रॅमला दिसेनासे होतात आणि एक्सप्लोररमधून फाइल ओढून त्यावर टाकता येत नाही. सर्व्हिस हा उपाय योग्य जागी योग्यच आहे : कोणीही लॉग-इन केलेले नसतानाही देखरेख चालू राहायची असेल तर दुसरा चांगला मार्ग नाही. पण विंडोज व्हिस्टापासून सर्व्हिसेस वेगळ्या शून्य क्रमांकाच्या सेशनमध्ये चालतात, त्यामुळे घड्याळाशेजारचे चिन्ह आणि सूचनांच्या खिडक्या वापरणाऱ्याला दिसणार नाहीत. तिचे चालू फोल्डर सिस्टिम३२ असते, म्हणून फाइलचा पूर्ण पत्ता न दिलेला कोड तिथे फाइल शोधत बसतो. सर्व्हिस कोसळली तर ती पुन्हा सुरू करण्याची सोय आहे, पण टायमर गोळा झालेली सर्व्हिस कोसळलेली नसते, म्हणून ती सोयही जागी होत नाही.

सहावा उपाय सरसकट खोटा नाही. फाइल-सिस्टिम-वॉचरचा बफर (घटना तात्पुरत्या साठवण्याची जागा) मूळ मांडणीत ८ केबी असतो, आणि एका दमात खूप फाइली आल्या की तो भरून घटना हुकतात. मात्र तसे झाल्याचे तो ‘एरर’ घटनेतून सांगतो, आणि बहुतेक कोडमध्ये ती घटना कोणी ऐकतच नाही. वॉचर ठेवावा, एरर आल्यास फोल्डर एकदा पूर्ण वाचावे आणि जोडीला दर काही मिनिटांनी फेरी मारावी. हजारो फाइलींचे फोल्डर दर सेकंदाला वाचण्याची गरज नाही. भाच्याची फाइल एकच आहे, त्याला टायमर पुरतो.

शेवटी भाच्याने कलेक्टरची ओळ आणि रिकामा कॅच काढला, टायमर स्टॅटिक फील्डमध्ये (प्रोग्रॅम संपेपर्यंत टिकणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) ठेवला आणि फाइल वापरात असेल तर पुन्हा प्रयत्न करणारा कोड घातला. प्रोग्रॅम आता साध्या खात्यातून चालतो आणि तेव्हापासूनची दोन्ही वेळची संकलने पूर्ण नोंदली गेली आहेत. मधल्या काळात हुकलेल्या नोंदी मात्र कुठेच उरल्या नव्हत्या. सचिवांनी कागदी वहीतून त्या एकेक करून भरल्या, आणि त्या दहा दिवसांचे बिल सभासदांच्या खात्यात एक दिवस उशिरा जमा झाले.