लिनक्सवर डोंगल चालत नाही? चालतो!

‘जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकू नका. डोंगलचा ड्रायव्हर मिळत नाही, नुसती सीडी उघडते. चाललाच तर स्पीड नसतो.’ देवगडपासून गुहागरपर्यंत ग्रुपाग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी मोफत सिस्टिम, आणि डोंगल म्हणजे सिम घालून यूएसबीला लावायचा नेटचा मोडेम. ज्या वाड्यांत अजून फायबर आलेली नाही, तिथे पोरांचे फॉर्म आणि आंब्याच्या ऑर्डरी डोंगलवरच चालतात. असलं वाचून धडधाकट लॅपटॉप भंगारात जातात, याचं फार वाईट वाटतं.

ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर, मिळत नाही, हे एके काळी खरं होतं, पण ते डायलअपच्या, म्हणजे फोनच्या तारेवरच्या नेटच्या, ‘विनमोडेम’बद्दल. त्या स्वस्त कार्डांचं बरंचसं काम विंडोजमधलं सॉफ्टवेअर करायचं आणि कंपन्या त्याची माहिती देत नसत. यूएसबी डोंगल सिग्नलचं काम स्वतःच उरकतो. कॉम्प्युटरने त्याच्याशी फक्त बोलायचं असतं आणि त्यासाठी लागणारे ‘ऑप्शन’, ‘सीडीसी ईथर’, ‘क्यूएमआय डब्ल्यूडब्ल्यूएएन’ हे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच असतात. यातला क्यूएमआयवाला २०१२ पासून आहे.

सीडी उघडते, हे मात्र खरं. विंडोजचं सॉफ्टवेअर डोंगलच्याच पोटात भरलेलं असतं, म्हणून तो आधी सीडी ड्राइव्ह बनून येतो. त्याला मोडेम व्हायला ‘यूएसबी मोडस्विच’ नावाचं छोटं सॉफ्टवेअर सांगतं. स्वतः बघा: ह्वावे कंपनीचा ई३३७२ हायलिंक डोंगल लावल्या लावल्या टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या खिडकीत) ‘एलएसयूएसबी’ (lsusb) चालवा, यूएसबीला लावलेल्या वस्तूंच्या यादीत १२डी१:१एफ०१ दिसेल. काही सेकंदांनी पुन्हा चालवा, १२डी१:१४डीसी. पुढचा भाग कंपनीचा, तो तसाच राहतो. मागचा बदलला की सीडीचा मोडेम झाला. मग तो साधं नेटवर्क कार्ड म्हणून दिसतो आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ वर त्याचं पान उघडतं. जुन्या डोंगलसाठी नेटवर्क मॅनेजरमध्ये (लिनक्सच्या नेट सेटिंगमध्ये) ‘मोबाइल ब्रॉडबँड’ निवडून सिमचा एपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटचं नाव, भरायचा, बीएसएनएलचा असेल तर ‘बीएसएनएलनेट’ (bsnlnet).

आकडा बदललाच नाही, तर मोडस्विचचं पॅकेज आहे का ते आधी बघा. नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा आणि त्या नेटवरून उतरवून घ्या. ‘वाइनमध्ये सीडीवरची एक्झी फाइल चालवा’ असंही कुणी सुचवतं. वाइन म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर. त्यात वेळ घालवू नका, वाइनमधून विंडोजचा मोडेम ड्रायव्हर बसत नाही.

राहिला स्पीड. तोच डोंगल, तेच सिम, त्याच खिडकीत विंडोजच्या लॅपटॉपला लावून बघा, म्हणजे दोष कुणाचा ते कळेल. ३जी डोंगलमध्ये जिओचं सिम चालणारच नाही, जिओचं जाळं मुळात ४जीपासून सुरू झालं. एअरटेलनेही ३जी बंद केलंय, तिथे हा डोंगल २जीवर घसरतो. आणि आपल्याकडे घर व्हाळाकाठी, रेंज सड्यावर! ३ मीटरची चांगली यूएसबी एक्स्टेन्शन घ्या आणि डोंगल माळ्याच्या झरोक्यात, पावसाचं पाणी लागणार नाही असा ठेवा.