“भावा एक नंबर”, पण गाणं ऐकलंस का?

गाणं अपलोड करून दोन मिनिटं झाली नाहीत तोवर कमेंट, “भावा एक नंबर गाणं, याला अजून रीच मिळायला पाहिजे, डीएम कर.” गाणं सव्वाचार मिनिटांचं आहे. आणि गायलंय मी, बाईने. कुठला भावा??

आणि मी इतकी अक्कलशून्य की मागच्या गाण्याला अशाच एकाला पैसे दिले. दहा हजार प्लेज, म्हणे शंभर टक्के ऑरगॅनिक, म्हणजे खऱ्या माणसांनी ऐकलेले, वर स्पॉटिफायची माणसं स्वतः निवडतात त्या एडिटोरियल प्लेलिस्टला पिचिंग, म्हणजे गाणं सुचवणं, फ्री. नंतर कळलं की स्पॉटिफायवर ते पिचिंग कलाकाराने स्वतःच्याच अकाउंटवरून करायचं असतं, फुकट, आणि गाणं रिलीज व्हायच्या आधी, निदान 7 दिवस आधी केलं तर फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये, म्हणजे त्यांच्या नव्या गाण्यांच्या यादीत तरी जातं. माझं गाणं रिलीज होऊन महिना झालेला! हा पठ्ठ्या काय पिच करणार होता, कपाळ?

बरं प्लेज आले. चार दिवसांत 12 हजार. मी घरभर नाचले, आईला फोन केला, मग शांतपणे डॅशबोर्ड बघितला तर ऐकणारे किती, 40. म्हणजे एकेकाने माझं गाणं तीनशे वेळा ऐकलं, आणि सेव्ह कितीजणांनी केलं तर तिघांनी, त्यातली एक मी आणि एक माझी बहीण. 30 सेकंद वाजलं की एक प्ले मोजला जातो ना, मग बॉट, म्हणजे माणूस नव्हे, गाणी वाजवणारा प्रोग्राम, तेवढं वाजवून पुढे पळतो, माझा अंतरा त्या मेल्यांपर्यंत पोचलाच नाही. आणि अल्गोरिदमला वाटलं हेच माझे रसिक. ते बॉट अजून काय वाजवतात तर पावसाचा आवाज आणि पंख्याची घरघर, झालं, ॲपच्या शिफारशींत माझ्या शेजारी सगळी तीच मंडळी.

मग डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे माझं गाणं स्पॉटिफायवर चढवणाऱ्या कंपनीचा मेल. आर्टिफिशियल स्ट्रीमिंग, गाणं काढून टाकलंय. कारण 2024 पासून स्पॉटिफाय असल्या खोट्या प्लेजसाठी लेबल आणि डिस्ट्रिब्युटरला गाण्यामागे दंड लावतं, मग ते कशाला माझी बाजू ऐकून घेतायत. विकणारा? अकाउंट गायब.

लोक म्हणतात, कशाला गेलीस तिकडे. अहो, त्याच वर्षापासून नियम आलाय की 12 महिन्यांत 1000 प्लेज झाले नाहीत तर त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचा एक पैसाही मिळणार नाही. पैसे तसे चिल्लरच असतात, पण 640 वर अडकलेलं गाणं रोज उघडून बघितलंय कधी? नेमकी तीच दुखरी नस धरून हे लोक धंदा करतात. आणि गंमत म्हणजे नुसते हजार प्लेज असून भागत नाही, वेगवेगळे ऐकणारेही किमान इतके हवेत अशी अट आहे, आणि तो आकडा मुद्दाम सांगत नाहीत, फसवणाऱ्यांना कळू नये म्हणून. म्हणजे माझे ते 40 जण तसेही फुकटच गेले असते बहुतेक.

आणि ते “रोज रील टाक, कन्सिस्टन्सी ठेव” वाले तर बोलूच नका. रियाज कधी करू मग, झोपेत?

असो. त्या कमेंटवाल्याला मी आत्ताच विचारलं, दादा, गाण्यात बासरी कुठे येते सांग, मग डीएम करते. लगेच उत्तर, “सुरुवातीलाच, भावा, काळजाला भिडली.”

गाण्यात बासरी नाहीये.