फळ्यावर जिंकलेली फूटी
‘ऑस्ट्रेलियन फूटीत (हातापायाने खेळायच्या तिथल्या फुटबॉलमध्ये) आता खेळाडू नव्हे, कोचची सिस्टीम जिंकते’ हा संदेश मेलबर्नच्या आमच्या मराठी कुटुंबांच्या गटावर महिनाभर फिरतो आहे. माझ्या भाच्याने तो इतका मनावर घेतला की त्याचा नऊ वर्षांचा मुलगा अंगणात चेंडू मारायचे सोडून फ्रिजवरच्या चुंबकांवर आपली ‘जागा’ पाठ करत बसतो. म्हणून हे लिहिणे आले.

संदेशाचा मुख्य पुरावा २००८ ची ग्रँड फायनल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, आहे. साखळीत २२ पैकी एकच सामना हरलेल्या जिलाँगला हॉथॉर्नने ११५–८९ असे हरवले, आणि हॉथॉर्नचे कोच ॲलिस्टर क्लार्कसन यांच्या चेंडूबरोबर सरकणाऱ्या झोनचा, म्हणजे माणसाऐवजी मैदानाचा भाग राखणाऱ्या बचावाचा, त्या यशात वाटा होता, एवढे मलाही मान्य करावे लागते. पण गुणफलक नीट वाचावा. मधल्या दोन खांबांतून मारलेल्या गोलाचे सहा गुण आणि बाजूच्या खांबांतून गेलेल्या किंवा बचावपटूनेच रेषेपार नेलेल्या चेंडूचा, म्हणजे बिहाइंडचा, एक. हॉथॉर्नचे १८ गोल आणि ७ बिहाइंड, जिलाँगचे ११ गोल आणि २३ बिहाइंड. त्या २३ पैकी ११ वेळा हॉथॉर्नच्या बचावानेच सहाऐवजी एक गुण देऊन चेंडू रेषेपार जाऊ दिला होता, ही हुशारी खरी. परंतु बाकीच्या वेळी जिलाँगचा नेम चुकला, आणि तो कोणत्याही आराखड्यात लिहिलेला नव्हता. शिवाय पुढच्याच मोसमात मुद्दाम बिहाइंड दिल्यास प्रतिस्पर्ध्याला फ्री किक देण्याचा नियम आला आणि त्याच कोचचा तोच संघ नववा आला.

संदेशातला ‘सिस्टीम हरत नाही’ हा दावा तर हास्यास्पद आहे. रॉस लायन यांच्या कडक शिस्तीच्या सेंट किल्डाने २००९ मध्ये पहिले १९ सामने जिंकले आणि अंतिम सामना १२ गुणांनी गमावला. २०१० च्या अंतिम सामन्यात कॉलिंगवूडविरुद्ध शेवटच्या मिनिटांत त्यांच्या लेनी हेज यांनी मारलेला चेंडू सहकारी स्टीव्हन मिल्न यांच्यासमोर टप्पा पडून आडवा वळला, बिहाइंड झाला, सामना ६८–६८ असा बरोबरीत सुटला, आणि फेरसामन्यात ५६ गुणांनी हार झाली. त्या टप्प्यासाठी कोणत्या फळ्यावर बाण काढायचा होता?

तारांकित खेळाडूंची गरज नाही म्हणणाऱ्यांनी रिचमंडच्या २०१७, २०१९ आणि २०२० च्या विजेतेपदांत अंतिम सामन्याच्या सामनावीराचे नॉर्म स्मिथ पदक तिन्ही वेळा डस्टिन मार्टिन यांनाच का मिळाले, ते सांगावे.

संदेशातला सगळ्यात घातक सल्ला मात्र ‘लहानपणीच सिस्टीम शिकवा’ हा आहे. चेंडू हातातून सरळ पायावर सोडता येत नसेल, तर झोनमध्ये अचूक उभे राहून उपयोग काय? गेल्या रविवारी मी नातवाला डाव्या पायाने मार म्हणालो, तर त्याने आधी विचारले, “आजोबा, ती माझी जागा आहे का?”